मेणसे मास्तरांचा सोलो

"काका, विमान उतरवताय की टाकताय?"

कॅप्टन शबाना मुजावरनं मला हे विचारलं तेव्हा आमचं दोन सीटचं सेसना धावपट्टीच्या टोकाशी एकदाचं थांबलं होतं. त्याआधी ते तीन वेळा उसळलं होतं. तिसऱ्या उसळीला तिनं "माय कंट्रोल" म्हणून विमान हातात घेतलं, अलगद टेकवलं, आणि हात परत मांडीवर ठेवले. कीर्तनाला बसावं तशी ती बसली होती. माझे हात मात्र हँडलला चिकटले होते ते सुटता सुटत नव्हते.

"उतरवत होतो," मी म्हणालो.

"बरं. मला कळेना, म्हणून विचारलं."

ती सव्वीस वर्षांची होती आणि मी सत्तेचाळीस. शिवाय मी स्वतः मास्तर. गावात 'मेणसे मोटर ड्रायव्हिंग स्कूल' माझंच. वीस वर्षांत गावातल्या निम्म्या लोकांच्या हातात मी स्टिअरिंग दिलं होतं, आणि ही कालची पोर मला टाकताय का म्हणून विचारत होती. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

तसा मी काही पहिल्यापासून विमान टाकणारा नव्हतो. कॅप्टन रणदिवे होते तोवर माझ्यासारखा उतरवणारा त्या क्लबात नव्हता. निदान मला तरी तसं वाटायचं.

विमान शिकायचं खूळ माझ्या डोक्यात पंचेचाळिसाव्या वर्षी शिरलं. गावापासून वीस किलोमीटरवर माळावर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे फ्लाइंग क्लब निघाला. "जमिनीवरची सगळी वाहनं झाली, आता वर जातो," असं मी घरी जाहीर केलं. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "वर जायची एवढी काय घाई आहे तुम्हाला?" पण तिनं अडवलं नाही.

रणदिवे सर तेहतीस वर्षांचे, गोरेपान, आवाज मधाळ. विमानात दोघांच्याही कानाला हेडफोन असतो, त्यात त्यांचा आवाज सतत चालू. उतरताना तर विचारूच नका. "थांबा, मेणसे साहेब... थांबा... जमीन येऊ द्या... आता हळूच ओढा... धरा, धरा, धरा..." आणि चाकं टेकली की, "वा! लोणी!"

मला गावात सगळे मास्तर म्हणतात. साहेब म्हणणारा हा पहिला माणूस. प्रत्येक उतरणं लोणी. एकदा आडवा वारा होता, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक ताठ आडवा झाला होता, तरी लोणी. मी घरी जाऊन सांगायचो, "उपजत लागतं हे. शिकवून येत नाही."

चौतिसाव्या तासाला रणदिवे सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सोलो करू या." सोलो म्हणजे इन्स्ट्रक्टर विमानातून उतरतो आणि शिकणारा एकटा एक फेरी मारून येतो. शिकणाऱ्याच्या आयुष्यातली ही खरी मुंज. मी ही बातमी फक्त शैलाला आणि ड्रायव्हिंग स्कूलमधल्या दोघांना सांगितली. तिसऱ्या दिवशी शिवाजी चौकात फ्लेक्स लागला. काळा गॉगल घातलेला मी, मागे जंबो जेट, आणि खाली, 'एकट्याने आकाशाला गवसणी घातल्याबद्दल आमचे लाडके मेणसे मास्तर यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : आजी-माजी विद्यार्थी.' मी म्हटलं, अरे, अजून घातली नाही गवसणी. तर फ्लेक्स लावणारे विद्यार्थी म्हणाले, "मास्तर, आठवड्याचा तर प्रश्न आहे. नंतर बोर्डाला जागा मिळत नाही."

त्याच आठवड्यात रणदिवे सरांना एका विमान कंपनीची नोकरी लागली आणि ते बंगळूरला निघाले.

मी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. तेहतीस वर्षांच्या माणसाला भर मे महिन्यात शाल. भाषण करायला उभा राहिलो आणि दुसऱ्याच वाक्याला रडायला लागलो. घरी येताना शैला म्हणाली, "आपल्या सुप्रियाच्या पाठवणीला एवढे रडला नव्हता."

"ती पुण्यालाच जात होती," मी म्हणालो.

आणि मग मी कॅप्टन मुजावरच्या पदरात पडलो. आमच्याच भागातल्या ऊसवाल्या गावातली मुलगी. मुलींत अशी कमी बोलणारी मी दुसरी पाहिली नाही, आणि मुलांतही नाही. विमानात बसली की पट्टा बांधायची, पाय मागे ओढून सीटखाली घ्यायची, हात मांडीवर ठेवायची आणि समोर बघायची. पहिल्या दिवशी खाली येताना मी वाट बघत राहिलो, आता म्हणेल 'ओढा', आता म्हणेल. ती काही म्हणाली नाही. धावपट्टी मात्र सरळ येऊन भेटली, आणि त्या तीन उसळ्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी वाट न बघता आधीच ओढलं, तर विमान पट्टीच्या वर दोन पुरुष उंचीवर लोंबकळत राहिलं, आणि तिला पुन्हा "माय कंट्रोल" म्हणावं लागलं.

मी तडक चीफ इन्स्ट्रक्टर सबनीस साहेबांच्या खोलीत गेलो.

"सर, मला इन्स्ट्रक्टर बदलून द्या."

"का? ओरडते?"

"नाही."

"उशिरा येते?"

"नाही. बोलतच नाही ती."

सबनीस साहेबांनी चष्मा काढला. "मेणसे, कोणी कमी बोलतं म्हणून तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच. बदलून मिळणार नाही. आणि नियम माहीत आहे ना? चाळीस तासांत सोलो झाला नाही, तर क्लब हात जोडतो. तुमचे छत्तीस झालेत."

चार तास उरले होते. चौकात मी गॉगल घालून उभा होतो. बाजारात जायचं तर मी आता मागच्या गल्लीनं जायला लागलो. भाजीवाला विचारायचा, "मास्तर, वरून आपलं गाव कसं दिसतं हो?" मी म्हणायचो, "लहान." खरं सांगायचं तर मला वर गेल्यावर गाव दिसतच नव्हतं, खाली यायचं कसं एवढंच दिसत होतं. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. वय झालं, आता जमणार नाही, हे मान्य करून टाकावं. ते मान्य करणं फार जड जात होतं.

मग मला एक युक्ती सुचली. ती बोलत नाही तर नाही, मी बोलतो! दुसऱ्या दिवशी उतरताना मी रणदिवे सरांच्या चालीत सुरू केलं, "थांबा, मेणसे साहेब... थांबा... जमीन येऊ द्या..."

"काका," हेडफोनमध्ये आवाज आला, "कोणाशी बोलताय?"

"स्वतःशी."

"आवाज बदलून?"

मी "धरा, धरा" म्हणत राहिलो आणि चाकं दाणकन आपटली. शब्द सगळे पाठ होते, पण कुठला कधी म्हणायचा ते रणदिवे सर खाली बघून ठरवायचे, आणि मी ते ऐकून. जमीन मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

"लोणी नाही वाटतं आलं," कॅप्टन मुजावर म्हणाली. म्हणजे हिला लोण्याचंही माहीत होतं!

त्या काळात मला बरं वाटायचं ते फक्त माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. तिथे मी राजा. आणि माझी सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी म्हणजे निमकर बाई. बँकेतून निवृत्त झालेल्या. लायसन्स मिळून चार महिने झाले होते, तरी तिसऱ्यांदा माझ्याकडे क्लास लावला होता. त्यांच्या मिस्टरांच्या डोळ्यांचं दुखणं विकोपाला गेलं, त्यांना गाडी चालवायची बंदी झाली, आणि घरची गाडी पोर्चमध्ये उभीच होती.

"मेणसे मास्तर, तुम्ही शेजारी असलात ना, की गाडी कशी लोण्यासारखी चालते," बाई म्हणायच्या. "घरी एकटी बसले की गेटातच बंद पडते. हे म्हणतात, मला निदान गणपतीच्या देवळापर्यंत तरी ने. दोन महिने झाले, घरातून बाहेर पडले नाहीत हो."

"काळजी करू नका बाई, मी आहे ना," मी म्हणायचो. केवढा गोड वाटायचा मला तो संवाद! मी तो कौतुकानं चारचौघांत सांगायचो. क्लबच्या कट्ट्यावर चहा पितानाही सांगितला, कॅप्टन मुजावरला ऐकू जाईल अशा बेतानं. शिकवणारा कसा असावा, ते तिलाही कळू दे म्हटलं.

ती चहा पीत होती. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मला गाडी शिकवाल?"

मला आनंदाचं भरतं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिला घेऊन मार्केट यार्डामागच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. आता सांगायला हवं की शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. मी तर हौसेनं ऍक्सिलरेटरसुद्धा बसवून घेतला होता. पंचक्रोशीत मास्तरच्या बाजूलाही तीन पेडलं असलेली गाडी फक्त माझी.

"हां, क्लच दाबा... पहिला गिअर... आता हळूच सोडा... सोडा, सोडा... वा!" माझी रसवंती सुरू झाली. गाडी निघाली. दुसरा गिअर, तिसरा. पुढे एक स्पीडब्रेकर आला, गाडी छान हळू झाली, त्यावरून अलगद गेली आणि पुन्हा वेग घेतला. पहिल्याच दिवशी!

"जमतंय तुम्हाला," मी म्हणालो. "हात हलका आहे. शिकवून येत नाही हे, उपजत लागतं."

"काका, जरा खाली बघा."

मी खाली बघितलं. तिच्या पायांच्या जागी कोणी नव्हतं. चपला तेवढ्या होत्या. ती सीटवर मांडी घालून बसली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या गिअरपासून. गाडी कोण चालवतंय, काका?"

माझे पाय पेडलांवर होते. मी ते उचलले, तशी गाडी आचके देत रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

"तुम्हाला गाडी येते," मी म्हणालो.

"सात वर्षं झाली लायसन्सला. ट्रॅक्टरपण येतो." तिनं पाय खाली सोडून चपला घातल्या. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलली. "काका, आपल्या विमानात दोन्हीकडे हँडल आहे, दोन्हीकडे पेडलं आहेत. एक हललं की दुसरं हलतं. रणदिवे उतरताना हात कुठं ठेवायचा?"

मी आठवायला लागलो. मी कधी बघितलंच नव्हतं. मी आवाज ऐकत होतो.

वीस वर्षं माझं पोट ज्या पेडलांवर चाललं होतं, त्यांची मला हवेत आठवणही झाली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणी तरी मला बघूनच काढली असावी. मी गाडीतून उतरलो, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो, आणि तिच्यासमोरच, स्पीकर चालू ठेवून, बंगळूरला फोन लावला.

"सर, एकच विचारतो," मी म्हणालो. "उतरवायचं कोण? मी की तुम्ही?"

तो मधाळ आवाज आता अडखळत यायला लागला.

"मेणसे साहेब, सुरुवातीला थोडा आधार द्यायचो. मग तुम्ही इतके खूश व्हायचात... मी लोणी म्हटलं की तुमचा चेहरा असा फुलायचा... मला हात काढवेना हो. सोलोचा शब्द देऊन बसलो आणि त्या रात्री झोप नाही लागली. नोकरीचं पत्र आलं तेव्हा सुटलो असं वाटलं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चौतीस तास मी एका भल्या माणसाच्या मांडीवर बसून विमान खेळलो होतो.

"मी जाताना सबनीस साहेबांना सांगून आलो," रणदिवे म्हणाले, "मेणसे साहेबांना शबानाकडेच द्या. तिला हात बांधून बसता येतं. मला ते कधीच जमलं नाही."

फोन ठेवला. कॅप्टन मुजावर बॉनेटला टेकून उभी होती.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतं की," मी म्हणालो.

"ऐकलं असतं तुम्ही?"

नसतं ऐकलं.

"आणि हात बांधून बसणं सोपं नाही, काका," ती म्हणाली. "त्या तिसऱ्या उसळीपर्यंत थांबले ना, घरी जाऊन जेवण गेलं नाही मला."

माझे अडतीस तास झाले होते. दोन उरले होते. त्या दोन तासांत तिनं मला एकच गोष्ट शिकवली: पट्टीच्या जवळच्या टोकाकडे बघू नका, लांबच्या टोकाकडे बघा, जमीन आपण होऊन सांगते. पहिल्या चार वेळा जमीन मला काही बोलली नाही. पाचव्या वेळी वाटलं की ती दोन्ही बाजूंनी वर येतेय, आणि मी ओढलं. धप्पकन बसलं, पण उसळलं नाही. ती लोणी वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "हे तुमचं."

शेवटच्या अर्ध्या तासात सबनीस साहेब माझ्याबरोबर एक फेरी मारून आले आणि काही न बोलता उतरून गेले. न बोलण्याची मला आता सवय झाली होती. त्यांनी लांबूनच कॅप्टन मुजावरला मान हलवून दाखवली. ती आली, दार उघडून आत वाकली, आणि शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला, मोकळा राहून कुठे अडकू नये म्हणून.

"एक फेरी," ती म्हणाली. "मी चहा टाकायला सांगते."

"आणि काही चुकलं तर?"

"तर चहा गार होईल." तिनं दार लावून घेतलं.

एक माणूस कमी झाल्यावर विमान किती चटकन उचलतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हेडफोनमध्ये माझ्याच श्वासाचा आवाज. शेजारी पट्टा बांधलेली रिकामी सीट. भीती वाटली का? फार वाटली. देवांची नावं घेतली, शैलाचं घेतलं. शेवटच्या वळणावर सवयीनं कान टवकारले, आणि तिथे कोणी नव्हतं. मग मी लांबच्या टोकाकडे बघितलं. जमीन आली, दोन्ही बाजूंनी वर आली, आणि मी ओढलं. एक छोटी उसळी बसली. ती उसळी माझी स्वतःची होती.

उतरल्यावर प्रथेप्रमाणे सगळ्यांनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. बरं झालं. रडतोय ते कोणाला कळलं नाही. कॅप्टन मुजावरला कळलं असावं, तिनं चहा हातात देताना दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी मी ताठ मानेनं शिवाजी चौकात गेलो. आता माझा फ्लेक्स खरा झाला होता. जाऊन बघतो तर त्याच्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. माझा फक्त एक कोपरा दिसत होता, जंबो जेटचं शेपूट.

सोमवारी सकाळी निमकर बाई क्लासला आल्या. मी गाडी मार्केट यार्डामागे नेली, बाईंना स्टिअरिंगवर बसवलं, आणि स्वतः खाली उतरून माझ्या सीटचा पट्टा बांधला.

"हे काय, मेणसे मास्तर?"

"एक फेरी मारून या, बाई. मी इथं उभा आहे."

"अहो, तुम्ही उतरलात तर गाडी चालणार कशी?"

"तेच बघायचंय. बाई, आजवर मी चालवत होतो. चूक माझी होती."

बाईंचा चेहरा उतरला. मला इतकं वाईट वाटलं की दार उघडून पुन्हा बसावं असं मनात आलं. रणदिवे सरांना काय झालं असेल ते तेव्हा पुरतं कळलं. मी हात पाठीमागे बांधले.

गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा एक आचका, दुसरा आचका, आणि गाडी निघाली. मी खाली बघितलं, तर माझा डावा पाय क्लच दाबावा तसा धुळीत दाबला गेला होता. बाई यार्डाला वळसा घालून आल्या, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. मी हात वर केला, थांबा म्हणून. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्या समोरून सरळ गेल्या, यार्डाच्या कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लागल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी पाच मिनिटं उभा राहिलो. दहा मिनिटं उभा राहिलो. मग फोन वाजला.

"मेणसे मास्तर," बाई धापा टाकत होत्या, "मी घरी आलेय. मला थांबवेचना हो, थांबले असते तर पुन्हा निघाले नसते. यांना गाडीत बसवलंय. देवळात नेऊन आणते."

मागून निमकर साहेबांचा आवाज आला, "अगं, इथं खाली हे काय काय आहे? पाय कुठं ठेवू मी?"

"बाई!" मी भर रस्त्यात ओरडलो. "साहेबांना सांगा, पाय वर घेऊन बसा! मांडी घालून बसा म्हणावं!"

फोन बंद झाला. मी घराकडे चालत निघालो. घर तिथून चार किलोमीटर होतं.